सिकलसेलचा ‘वाहक’ : याला दुसरा शब्द आहे का?

तळोदेकर

अडलो आहे, मदत हवी. एक रक्तविकारतज्ज्ञ, आरोग्य धोरणाच्या एक अभ्यासक आणि सातपुड्यात काम करणारे एक कार्यकर्ते यांचं सिकलसेलवरचं लांबलचक बोलणं मी मराठीत आणतो आहे. मूळ बोलणं इंग्रजीत आहे. वाचणार आहेत धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या आशाताई आणि आरोग्यसेविका. सिकलसेल हा रक्ताचा अनुवंशिक विकार, संसर्ग नव्हे, हे तिघंही परत परत सांगतात. सरकारी पत्रकांत एएस माणसाला (आई किंवा बाप, एकाकडूनच बदललेलं जनुक आलेल्याला) ‘वाहक’ म्हणतात आणि एसएसला (दोघांकडून आलेल्याला) ‘ग्रस्त’. मीही तेच शब्द घेतले. तज्ज्ञांचं वाक्य सोपं आहे: वाहक हा रुग्ण नसतो, त्याला या विकारासाठी औषध लागत नाही.

कच्चा मजकूर एका गावात वाचून दाखवला. एक आजी म्हणाल्या, “डासले बी वाहकच म्हनतस ना? मंग हाई पोर घरमा आजार लई येई.” म्हणजे, ही पोर घरात आजार घेऊन येईल. तपासणीत एएस निघालेली मुलगी तिथेच बसलेली होती. मला पुढे वाचवेना. ‘वाहक’ला दुसरा शब्द सुचवा, किंवा हाच ठेवून काय जोडू ते सांगा.

रावेरची_वाणी

‘धारक’ चालेल का? रेशनकार्डधारक, परवानाधारक म्हणतो तसा ‘सिकलसेलधारक’. धारक स्वतःजवळ ठेवतो, दुसऱ्याला देत नाही.

पुष्पाताई_चोपडा

पण एएस आई लेकराला देऊ शकते ना? मग ‘देत नाही’ हेही खोटंच. आणि धारक म्हटलं की हक्क वाटतो. उद्या कोणी विचारेल, धारकाला काय मिळतं?

अमळनेर_गुरुजी

‘वाहक’ हा शब्द निर्दोष आहे. वह् धातू, त्याचा अर्थ नेणे. वाहन, वाहतूक, प्रवाह, सगळे त्याच घरचे. ‘विवाह’सुद्धा वि अधिक वह्, वधूला घेऊन जाणे. त्यात पसरवण्याचा अर्थ कुठेच नाही. डासासाठी ‘रोगवाहक’ असा पूर्ण शब्द आहे, तो आळसाने तोडून नुसता ‘वाहक’ लिहिला जातो. लोकांना समजावून सांगायचं सोडून दर वेळी शब्द बदलत बसलो तर मराठीत परिभाषा उभीच राहणार नाही. आणि ‘अनुवंशिक’ नव्हे, ‘आनुवंशिक’. इक प्रत्यय लागला की आद्य स्वराची वृद्धी होते: समाज, सामाजिक; अनुवंश, आनुवंशिक. आरोग्यसेविकांच्या हाती जाणाऱ्या कागदात हे शुद्धच हवं.

एरंडोल_नाका

गुरुजी, धातूकडे पाहून कोणी घाबरत नाही, तसा धीरही धरत नाही. शब्द जिथे कानावर पडला तिथला अर्थ घेऊन माणूस येतो. खान्देशातल्या माणसाला वाहक पहिल्यांदा भेटतो एसटीत, दारावर ‘चालक’ ‘वाहक’ लिहिलेलं असतं. मग तो भेटतो हिवताप-डेंग्यूच्या भिंतीवर. शाळेत उष्णतेचा सुवाहक. तिन्ही ठिकाणी एकच काम, इथलं तिथे पोचवणं. त्या आजींनी अर्थ चुकीचा लावला नाही, भाषेच्या हिशेबाने बरोबर लावला. म्हणूनच शब्द बदलायला हवा. आनुवंशिकची वृद्धी मान्य आहे, पण आधी ती मुलगी.

वहिनीसाहेब_धुळे

गुरुजी, मग ‘वहिनी’ही वह् मधूनच आला असेल? घरात वाहून आणलेली ती वहिनी.

अमळनेर_गुरुजी

तो थेट जोडता येणार नाही. ‘वधू’वरून ‘वहू’ होतं, तिकडून पाहावं लागेल. इथे विषय वेगळा आहे.

सिस्टर_शहादा

मी या तपासणीच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून लिहिते. घोटाळा ‘वाहक’ शब्दाच्या आधीच सुरू होतो. शाळेत किंवा पाड्यावर आम्ही बोट टोचून थेंबभर रक्त घेतो आणि सोल्युबिलिटी करतो. ती चाचणी फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढं सांगते. एएस की एसएस हे तिला कळत नाही. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. तो रिपोर्ट येईपर्यंत गावात एकच शब्द फिरत असतो, ‘पॉझिटिव्ह’. एचआयव्हीने हा शब्द आधीच जाळून टाकला आहे, कोरोनाने उरलासुरला. आई विचारते, “पोरनं रगत खराब शे का?” या मधल्या दिवसांत सोयरीक मोडलेली मी पाहिली आहे, आणि नंतर ती मुलगी एएस निघाली, ठणठणीत.

माझ्या भागात लोक ‘वाहक’ म्हणतच नाहीत. ‘एएस’ म्हणतात, ‘एसएस’ म्हणतात, नाहीतर ‘अर्धा सिकल’ आणि ‘पूर्ण सिकल’. तळोदेकर दादा, तुम्ही ‘अर्धा’ घ्या. लोकांच्या तोंडातला आहे.

डॉ_जळगाव_बालरोग

सिस्टर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण ‘अर्धा’ला माझा विरोध आहे. अर्धा सिकल म्हटलं की बाप विचारतो, अर्धा आजार आहे तर अर्धी गोळी द्या. आज अर्धा आहे तर पुढे पूर्ण होईल का, असंही विचारतात. एएस माणूस कधीही एसएस होत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगावं लागतं.

हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत बदललेली असेल तर एएस, दोन्ही बदललेल्या असतील तर एसएस. नवरा-बायको दोघं एएस असले तर प्रत्येक गरोदरपणी एसएस बाळ होण्याची शक्यता 25 टक्के, एएसची 50 आणि साध्या बाळाची 25. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द लोकांपर्यंत पोचत नाही. पहिलं मूल एसएस झालं की घरात म्हणतात, चारातलं एक होऊन गेलं, आता तीन चांगली होणार. तसं नाही, दर वेळी डाव नव्याने मांडला जातो. तळोदेकर, तुमच्या मजकुरात ‘चारपैकी एक’ असं लिहिलं असेल तर कृपा करून बदला.

आणि लोकांनी स्वतःला दोषी मानू नये म्हणून हेही सांगा: एएस असणाऱ्याला लहानपणी जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाच्या जंगलात राहिलेल्या समाजांत हे जनुक का टिकलं, त्याचं उत्तर यात आहे. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा माणसांनी कोणतं पाप केलं म्हणून हे आलेलं नाही.

रावेरची_वाणी

डॉक्टर, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही. मग ‘धारक’च बरा, संरक्षणही धारण करतो.

अक्राणीची_शिक्षिका

मी पावरा आहे आणि एएस आहे. एवढं सगळं वाचलं, पण एका शब्दावर कोणीच थांबलं नाही. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला जे राष्ट्रीय मिशन सुरू झालं, त्याचं नाव सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन मिशन. लक्ष्य 2047, तपासायची माणसं सात कोटी, वय चाळीसपर्यंत. तपासणीला माझा पाठिंबा आहे, मी स्वतः पोरांना रांगेत उभं करते. पण ‘निर्मूलन’ म्हणजे मूळ उपटणं. या विकाराचं मूळ डबक्यात नाही, डासात नाही. ते माझ्या आईत आहे, माझ्यात आहे. मग उपटायचं काय? ‘वाहकांचं निर्मूलन’ असे शब्द मी एका बैठकीत कानांनी ऐकले आहेत. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण वाक्य तसंच होतं, आणि खोलीतली निम्मी माणसं वाहक होती.

अमळनेर_गुरुजी

ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. ‘निर्मूलन’ खरोखर विचार करण्यासारखा शब्द आहे. देवीचं निर्मूलन झालं हे शब्दशः खरं, 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, पृथ्वीवर रोगच उरला नाही. कुष्ठरोगाचं वेगळं. 2005 च्या अखेरीस देशाने गाठलं ते दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे प्रमाण. रोग उरलाच, आजही नवे रुग्ण सापडतात. दोन्हीला आपण ‘निर्मूलन’ म्हणतो. इंग्रजीत त्यांना दोन शब्द आहेत, इरॅडिकेशन आणि एलिमिनेशन, आपण एकात कोंबले. दुसऱ्यासाठी ‘दूरीकरण’ वापरावा.

एरंडोल_नाका

‘दूरीकरण’ ऐकून पाड्यावरच्या माणसाला वाटेल, आपल्यालाच दूर करताहेत. गुरुजी, परत तेच.

पुष्पाताई_चोपडा

“सिकलसेलचा त्रास थांबवू” असं सरळ का लिहीत नाही कोणी? प्रत्येक गोष्टीला ‘करण’ लावलंच पाहिजे का?

डॉ_जळगाव_बालरोग

पुष्पाताईंचं वाक्य वैद्यकीयदृष्ट्याही जास्त खरं आहे. जनुक तर राहणारच. कमी करता येतात ती दुखण्याची कळ, न्यूमोनिया, पक्षाघात आणि लहान वयातले मृत्यू. हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेळेवर सुरू झालं, लसी मिळाल्या, तापाला घरात बसून न राहता दवाखाना गाठला, की एसएस मूल मोठं होतं, शिकतं. धोरणाच्या चर्चेत लग्नाआधीची तपासणीच सगळी जागा खाते आणि ज्यांना आजार आहे त्यांची गोळी तालुक्याला संपलेली असते, हे मात्र मला बोचतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात धरलं, तेव्हा रुग्णाचे हक्क हाही धोरणाचाच भाग आहे.

वहिनीसाहेब_धुळे

सिकल म्हणजे विळाच ना? मग ‘विळापेशी’ का नाही म्हणत? आमच्याकडे तर ‘इया’ म्हणतात. डोळा डोया, शाळा शाया, तसा विळा इया.

रावेरची_वाणी

इया हा लेवा बोलीतला. आमच्या रावेर-यावलचा.

वहिनीसाहेब_धुळे

अहिराणीतही इयाच आहे. तापीच्या या काठाला काय वेगळं कापतात?

रावेरची_वाणी

कापणी एकच, बोली दोन. ळ चा य दोन्हीकडे होतो म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

सिस्टर_शहादा

भाऊ, वहिनी, बोलीचं पुढे बोला, पण ‘विळापेशी’ नको. आम्ही सुरुवातीला चित्र दाखवायचो, गोल पेशी आणि विळ्यासारखी पेशी. एका पोराने विचारलं, हा इया आतून कापतो म्हणून दुखतं का? दुखतं ते बारीक नळ्यांत या पेशी अडकून रक्त पुढे जात नाही म्हणून. आणि साधी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. कापण्याचा काही संबंध नाही. तरी ते पोर अंग आखडून झोपायचं.

तळोदेकर

सगळ्यांचे आभार. ‘चारपैकी एक’ बदललं. ‘आनुवंशिक’ केलं. ‘वाहक’चं मात्र अजून ठरत नाही. ताई (अक्राणी), तुम्ही स्वतःला काय म्हणवून घ्याल?

आणखी एक अडलं आहे. तज्ज्ञांच्या बोलण्यात प्लीहेबद्दल, म्हणजे पोटात डावीकडे असणाऱ्या अवयवाबद्दल, मोठा भाग आहे. ‘प्लीहा’ आशाताईंना कळेल का?

पुष्पाताई_चोपडा

नाही कळणार. आमची आजी ‘पानथरी’ म्हणायची. हिवतापात पोट फुगलं की “पानथरी वाढली”.

अमळनेर_गुरुजी

पानथरी हा जुना, अस्सल मराठी शब्द आहे, कोशातही आहे. पानासारखा थर, अशी माझी समजूत. ‘प्लीहा’ संस्कृत. मी एरवी संस्कृताच्या बाजूने असतो, पण इथे पानथरी घ्या.

एरंडोल_नाका

गुरुजींनी पानथरी घेतली! पण आजची पंचविशीतली आशाताई पानथरी म्हणते का? माझ्या बायकोला विचारलं, तिने ऐकलेला नाही. मग दोन्ही शब्द मेलेलेच, एक पोथीत, एक आजीजवळ.

डॉ_जळगाव_बालरोग

या एका शब्दासाठी मी हट्ट धरतो. एसएस बाळाच्या प्लीहेत कधी कधी काही तासांत रक्त साठतं. पोट डावीकडे टणक होतं, बाळ पांढरंफटक पडतं, तातडीने रक्त मिळालं नाही तर दगावतं. म्हणून आईला रोज हात लावून पाहायला शिकवतात. तळोदेकर, शब्द कुठलाही लिहा, पण त्याला लागूनच ‘डाव्या बरगडीखाली’ हे लिहा, आणि ‘रोज सकाळी हात लावून बघा, कालपेक्षा मोठी लागली तर लगेच निघा’ हेही.

अक्राणीची_शिक्षिका

पावरी बोलणाऱ्या बाया वाचणार नाहीत, ऐकणार आहेत. छापू नका फक्त, आशाताईच्या हाताने आईचा हात तिथे ठेवून दाखवा. शब्द आमच्या बोलीतला मी आईला विचारून उद्या सांगते. ‘वाहक’चं विचारलंत दादा, त्यावर मला अजून नीट सांगता येत नाही.

वहिनीसाहेब_धुळे

पानथरीला अहिराणीत काय म्हणतात, माहीत असेल त्यांनी लिहा. रावेरकरांनीही लिहा, वेगळा असला तर वेगळा.