स्पिरुलिनाचा अर्क निळ्याऐवजी हिरवट येतो, रंगही टिकत नाही

निळाशार:
वाळवलेली स्पिरुलिना पावडर 10 ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर 250 मिली. 55 अंश सेल्सिअसला तासभर ढवळणं, मग 20 मिनिटं सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पेशी फोडणं), शेवटी सेंट्रिफ्यूज. अर्क मोरपंखी येतो आणि दोन दिवसांत फिका पडतो. 20 पट विरल करून घेतलेली प्रकाशशोषणाची रीडिंग: 615 नॅनोमीटरला 0.62, 620 ला 0.63, 652 ला 0.25, 280 ला 1.26. म्हणजे शुद्धता (620 भागिले 280, एकूण प्रथिनांच्या तुलनेत निळा रंग) 0.5, खाद्यरंगाला निदान 0.7 हवी. नेमकं बिघडतंय कुठे? आणि उरलेल्या साक्यातून कॅरोटिनॉइड (पिवळी-केशरी रंगद्रव्यं) काढता येतील का?

साका_आणि_निवळ:
फिकेपणा उष्णतेमुळे. तुमचा निळा रंग म्हणजे फायकोसायनिन, आणि ते प्रथिन आहे. साधारण 45 अंशांपुढे त्याची घडी उलगडू लागते आणि रंग जातो. हिरवेपणा सोनिकेशनमुळे. निळा रंग पाण्यात विरघळतो, क्लोरोफिल विरघळत नाही, ते पेशीतल्या पटलांत (पातळ पापुद्र्यांत) अडकलेलं असतं. जास्त सोनिकेशन केलं की पटलांचे इतके बारीक तुकडे होतात की ते तळाला बसतच नाहीत. 750 नॅनोमीटरला रीडिंग घेऊन बघा. तिथे फायकोसायनिन प्रकाश शोषत नाही, त्यामुळे आकडा शून्याच्या बराच वर आला तर ती निव्वळ गढूळता, आणि मग बाकीची रीडिंगही फुगलेलीच समजा.

सोनिकेशन सोडा, गोठवणं-वितळवणं वापरा. पाण्याऐवजी 0.1 मोलर सोडियम फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घ्या, पीएच 7. स्पिरुलिना अल्कधर्मी माध्यमात वाढते. बायोमास नीट धुतलेला नसेल तर साध्या पाण्याचा पीएच वर सरकतो, आणि तेही या रंगाला मानवत नाही. पावडर बफरमध्ये तासभर भिजू द्या, कारण कोरड्या पेशीत बर्फ व्हायला पाणीच नसतं. मग उणे 20 अंशांना पूर्ण गोठवून 4 अंशांना वितळवा, असं तीन-चार वेळा. घाईने गोठवू नका. सावकाश गोठलं की स्फटिक मोठे होतात आणि पेशी चांगल्या फुटतात. शेवटी 10,000 जी, 20 मिनिटं, 4 अंश. हा आकडा जी चा (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) आहे, आरपीएमचा (मिनिटाच्या फेऱ्यांचा) नव्हे.

बफरवाला:
वरच्याशी सहमत. किती रंग हाती आला त्याचा हिशेबही मांडतो. बेनेट-बोगोराड सूत्राने (रीडिंगवरून फायकोसायनिन किती ते काढणारं): 0.62 वजा (0.474 × 0.25) म्हणजे 0.5015, भागिले 5.34 म्हणजे 0.094, गुणिले 20 म्हणजे मिलीला सुमारे 1.88 मिग्रॅ. हाती 230 मिली अर्क आला असं धरलं तर 432 मिग्रॅ, म्हणजे पावडरीच्या 4.3 टक्के. फार नाही. गढूळता वजा केल्यावर याहून कमीच भरेल. पावडर कडक तापमानात वाळवलेली असेल तर बराच रंग तिथेच गेलेला असतो, तो कुठल्याही पद्धतीने परत मिळत नाही. ओला बायोमास मिळाला तर तोच घ्या.

शुद्धतेसाठी अमोनियम सल्फेट, दोन टप्प्यांत, बर्फावर. आधी लिटरला 134 ग्रॅम (25 टक्के संपृक्तता): यात पटलांचे तुकडे बसतात, तो साका टाकून द्या. वरच्या द्रवात लिटरला आणखी 146 ग्रॅम (50 टक्के): आता निळा रंग खाली येतो. अमोनियम सल्फेट चिमूट-चिमूट घाला, हळू ढवळा. एकदम ओतलं तर जिथे पडतं तिथे संपृक्तता उसळते आणि नको ती प्रथिनंही सोबत बसतात. फेस येऊ देऊ नका. बुडबुड्यांच्या पृष्ठभागावरही प्रथिन बिघडतं. निळा साका थोड्या बफरमध्ये विरघळवून डायलिसिस करा (पडद्याच्या पिशवीत भरून बफरमध्ये ठेवा, म्हणजे अमोनियम सल्फेट निघून जातं), बाहेरचा बफर दोनदा बदला. अर्क अंधारात, 4 अंशांना ठेवा. खाण्यासाठी असेल तर टिकवण्यासाठी सोडियम अझाइड अजिबात नको, ते विषारी आहे.

केशरी_थेंब:
पहिल्या सेंट्रिफ्यूजनंतर उरलेल्या साक्याबद्दल: हो, बीटा-कॅरोटिन आणि झियाझँथिन त्यातच राहतात. पण ओल्या साक्यावर थेट इथेनॉल ओतलं तर आतलं पाणी इथेनॉल पातळ करतं आणि कॅरोटिनॉइड नीट सुटत नाहीत. आधी थोड्या 96 टक्के इथेनॉलने पाणी काढून घ्या (हा अंश वेगळा ठेवा, त्यात थोडा रंग उतरतोच), मग ताज्या इथेनॉलमध्ये, ग्रॅमला 10 मिली, अंधारात ढवळा. जवळ ज्योत किंवा उघडी हॉटप्लेट नको.

क्लोरोफिलही सोबत येणारच. ते वेगळं करायला इथेनॉलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबणीकरण करा (अल्कलीने क्लोरोफिल तोडून पाण्यात विरघळणारं करणं), पाणी घाला आणि हेक्झेन मिसळून हलवा: क्लोरोफिल खालच्या थरात राहतं, कॅरोटिनॉइड वर जातात. झियाझँथिन पूर्ण वर येत नाही, म्हणून हेक्झेनने दोन-तीनदा काढा. हीच कृती हिमॅटोकॉकस शेवाळाच्या अ‍ॅस्टाझँथिनला (तांबड्या कॅरोटिनॉइडला) लावू नका, अल्कलीत हवेच्या संपर्काने त्याचं अ‍ॅस्टासीन होतं.