घरांच्या अदलाबदलीची सुट्टी: सामानात काय घ्यावे?

कोथरूडकर:
येत्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे साठी ओलांडलेले पतिपत्नी तीन आठवडे नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथे राहणार आहोत आणि त्याच काळात तेथील एक कुटुंब आमच्या पुण्यातील घरात राहणार आहे. भाडे कोणीच कोणाला द्यायचे नाही. हॉटेलात उतरायचे असते तर सामान कसे भरावे हे ठाऊक आहे, परंतु दुसऱ्याच्या भरल्या घरात राहायचे तर चादरी, टॉवेल, मसाले यांपैकी काय न्यावे? सौभाग्यवती तर प्रेशर कुकरवाचून निघायलाच तयार नाहीत.

कालव्याकाठी:
तेथील शेगडी इंडक्शनची आहे का, हे आधी विचारून घ्यावे. तशी असल्यास ॲल्युमिनियमचा साधा कुकर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का, ते घरीच पाहता येईल. तूप, पेढे, खवा मात्र मुळीच घेऊ नयेत, कारण भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःपुरतेही युरोपीय संघात आणता येत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी खुशाल न्यावी. वीज तेथेही 230 व्होल्टचीच आहे, तेव्हा आपल्या जाड तीन पिनांच्या प्लगसाठी दोन अडॅप्टर पुरतात. आणि हो, प्लास्टिकचा एक मग अवश्य न्यावा. कशासाठी, ते सांगायला नको.

दोन बॅगा:
तेथील जुन्या घरांचे जिने इतके अरुंद आणि उभे असतात की, 23 किलोची बॅग वर चढवताना माझी कंबर धरली होती. एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान घ्याव्यात. घरात कपडे धुण्याचे यंत्र असल्यास आठवड्याचे कपडे पुरे होतात. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण पाऊस वाऱ्यासह येतो. चादरी-टॉवेलांचे मात्र यजमानांशी आधीच ठरवून घ्यावे.

रिकामा कप्पा:
न्यायच्या सामानाइतकेच काम मागे ठेवायच्या घराचे असते, हे आम्हाला उशिरा कळले. आमच्या पाहुण्यांनी दोन आठवडे कपडे बॅगेतच ठेवले, कारण एकही कपाट आम्ही रिकामे केले नव्हते. दागिने आणि कागदपत्रे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून निदान एक कपाट आणि फ्रिजचे दोन कप्पे मोकळे करावेत. ऑगस्टमधल्या दमटपणाने कपाटाला कुबट वास येतो, म्हणून ते आदल्या दिवशी उघडे ठेवावे. सिलिंडरचा रेग्युलेटर, गिझरचे बटण आणि पाणी येण्याची वेळ कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवावी.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. तिकडे इंडक्शनच आहे आणि आमच्या कुकरला चुंबक चिकटला नाही, त्यामुळे तो पुण्यातच राहील. आता स्वयंपाकघरातील कागदावर भाताच्या शिट्ट्यांची संख्याही लिहावी लागेल.