मदत हवी आहे: पंचवीस हजारांत घरगुती एस्प्रेसो मशीन, पहिल्यांदाच घेतेय

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणला राहते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. दिवसाला तीन कप कॉफी होते, रविवारी पाच. सगळं धरून पंचवीस हजारांचं बजेट आहे, फार ताणलं तर अठ्ठावीस. विचारायचं बरंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी एकदा चुकले आहे. पाच हजारांच्या आतलं एक मशीन ऑनलाइन मागवलं होतं. वरचं टोपण फिरवून घट्ट करायचं, आत पाणी भरायचं, मग खालच्या काचेच्या भांड्यात कॉफी उतरते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत एस्प्रेसो लिहिलेलं होतं. कॉफी मात्र काळी, पातळ आणि जळकट कडू. मला वाटलं पावडरीचाच दोष, म्हणून चार वेगवेगळ्या पावडरी आणून बघितल्या. पुढे टोपणाच्या रबरातून वाफ जायला लागली आणि ते रबर कुठेच मिळेना. आता ते माळ्यावर आहे.

एस्प्रेसोच का हवी, तर गेल्या दिवाळीत पुण्याला भाचीकडे प्यायले म्हणून. तिने दाणे तोलले, हाताने दळले, हँडलमध्ये भरून दाबले आणि बटण दाबलं. पाच-सहा सेकंद काहीच आलं नाही. मग तुपाच्या धारेसारखी जाड, तांबूस धार लागली आणि हळूहळू फिकी होत गेली. पहिल्या घोटाला कोकमासारखा आंबूस झटका होता आणि मागून गुळाची चव. साखर घातलेली नव्हती. कॉफीत इतकं काही असतं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

आता शंका.

काही मशीनवर १५ बार लिहिलंय, काहींवर २०. जास्त ते चांगलं का? पुतण्या मे महिन्यात न्यू जर्सीहून येतोय, तिकडे सेलमध्ये चांगली मशीनं स्वस्त मिळतात म्हणतो, मागवू का? ग्राइंडर वेगळा घ्यावाच लागतो, की मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात भागेल? सासूबाईंची चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पावडर यात चालेल का? आणि चिपळुणात दुरुस्तीची सोय नाही, बिघडलं तर मुंबई नाहीतर पुणे. जे सहसा बिघडत नाही असं काही आहे का?

पुन्हा चुकायचं नाहीये. ज्यांनी घरी वापरलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद: नागपूरकर

ताई, सहा वर्षं घरी एस्प्रेसो करतोय, त्यातली पहिली दोन चुका करण्यात गेली. तुमच्या त्या चुकाच वाचवतो.

आधीचं मशीन वाफेवर चालणारं होतं. त्यात पंप नसतो. पाणी उकळून जी वाफ कोंडते तिच्याच जोरावर ते पावडरीतून ढकललं जातं, म्हणून दाब कमी आणि पाणी जास्त गरम. जळकट कडूपणा तिथूनच येतो. पावडर बदलून काही होणारच नव्हतं. इटलीतसुद्धा सुरुवातीची मशीनं वाफेचीच होती. मिलानच्या अकिले गाज्जियांची दांड्याची मशीनं १९४८ च्या सुमारास बाजारात आली, तेव्हा कुठे दाब वाढला आणि कपावर तो तांबूस थर, क्रेमा, दिसायला लागला. म्हणजे खोक्यावर एस्प्रेसो लिहिलेलं असलं तरी तुमचं मशीन त्याच्या आधीच्या काळातलं होतं.

१५ आणि २० बारच्या भानगडीत पडू नका. बार हे दाबाचं माप, आणि तो आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो. पावडरीवर साधारण ९ बार दाब पुरतो. पाणी ९० ते ९६ अंश हवं आणि पावडरीच्या दुप्पट वजनाची कॉफी पंचवीस-तीस सेकंदांत उतरायला हवी. हे आकडे फ्रिजवर चिकटवा.

अमेरिकेतलं मशीन अजिबात मागवू नका. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० आणि ५०. तेराशे वॅटच्या मशीनला दोन हजार वॅटचा तरी ट्रान्सफॉर्मर लागेल, म्हणजे ओट्यावर एक धोंडाच. शिवाय या मशीनमधला छोटा पंप विजेच्या ठोक्यावर, म्हणजे हर्ट्झवर, चालतो. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत, त्यामुळे पंप मंद पडतो. वॉरंटीही इकडे चालत नाही. पुतण्याला आणायला सांगायचंच असेल तर हाताने फिरवायचा ग्राइंडर सांगा. त्याला वीजच लागत नाही.

ग्राइंडरवर मी थोडा अडून बसणार आहे. मिक्सरची पाती दाणा फोडतात, दळत नाहीत. काही भाग पिठासारखा होतो, काही रव्यासारखा. पिठातून कडू उतरतं आणि रव्यातून आंबट, दोन्ही एकाच कपात. मी पहिल्या वर्षी सगळे पैसे मशीनमध्ये घातले आणि दळण मिक्सरवर केलं. बावीस हजारांच्या मशीनमधून पाच हजारांच्या मशीनची कॉफी प्यायलो. टाइममोअर सी३ ईएसपी किंवा किंग्राइंडर के६ बघा. यांची दळणारी चकती अगदी बारीक पायऱ्यांनी घट्ट-सैल करता येते आणि एस्प्रेसोला तेच लागतं. एका कपाचं दळायला मिनिट-दीड मिनिट लागेल, हात भरून येईल, पण चवीत फरक पडेल.

मशीनमध्ये तुमच्या बजेटला डेलाँगीची डेडिका बसेल असं वाटतं. जेमतेम पंधरा सेंटिमीटर रुंद आहे, मिनिटाच्या आत तापते. एक गोष्ट मात्र दुकानदार सांगणार नाही. तिच्यासोबत येणाऱ्या गाळणीला दोन तळ असतात आणि खालच्या तळाला एकच टाचणीएवढं भोक. त्या भोकामुळे दाब खोटाच तयार होतो, कसलंही दळण घातलं तरी वर फेस येतो आणि चव मात्र सपाट राहते. पहिले पंधरा दिवस तीच वापरा, हात बसू द्या. मग ५१ मिलिमीटरची एकतळी गाळणी मागवा. हँडलला बसते का ते मागवतानाच विचारून घ्या. दळण बरोबर आहे की नाही हे एकतळी गाळणी लगेच दाखवून देते.

चिकोरीची पावडर यात घालू नका. चिकोरी चिकट, गाळणीची भोकं बुजवते. सासूबाईंचा पितळी फिल्टर आहे तसाच राहू द्या, ती वेगळी आणि चांगली कॉफी आहे.

दाणे घेताना भाजल्याची तारीख बघा, एक्स्पायरी नाही. भाजून आठ-दहा दिवस झालेले सगळ्यात सोपे. दाणे भाजून विकणारे आमच्या नागपूरचे कॉरिडॉर सेव्हन आहेत, ब्लू टोकाईची अट्टिकन इस्टेट आहे. सुरुवातीला मध्यम-गडद भाजलेलेच घ्या. फिकट भाजलेले दाणे नवशिक्याच्या हातून आंबट होतात. क्रेमा दाट हवा असेल तर थोडा रोबस्टा (कॉफीची एक जात) असलेलं मिश्रण चांगलं. आपल्या देशात पिकतो त्यात रोबस्टाच जास्त आहे, त्याला कमी लेखू नका.

बिघाडाचं म्हणाल तर घरगुती मशीनचा मोठा शत्रू क्षार. माझं पहिलं मशीन आठ महिन्यांत बोअरच्या पाण्याने चोंदलं. कोकणात पाणी बहुधा मऊ असतं, तेवढं तुमचं नशीब चांगलं. तरी दोन-तीन महिन्यांनी क्षार काढण्याचं द्रावण फिरवाच. वॉरंटीत असेपर्यंत कंपनीचंच वापरा, नंतर ढोकळ्यात घालतो ते सायट्रिक अ‍ॅसिडही चालतं. आणि सोळा अँपिअरच्या प्लगला लावा, मिक्सरच्या एक्स्टेन्शनवर नको.

०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यायला विसरू नका. चार-पाचशे रुपयांची वस्तू आहे, तिच्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार.

प्रतिसाद: ठाणेकरीण

वरचं सगळं बरोबर आहे, पण ताई, तुम्ही दुधाची कॉफी जास्त पिता की काळी? दुधाचीच पीत असाल तर आधी मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) आणि ग्राइंडर घेऊन बघा. इटलीच्या बियालेत्तींनी ते भांडं १९३३ मध्ये काढलं आणि त्यात बिघडण्यासारखं एक रबर आणि एक झडप एवढंच आहे. एस्प्रेसो नाही होत त्यात, दाब कमी असतो. पण कॉफी घट्ट होते आणि बरेच पैसे हातात राहतात. मशीन रोज पुसावं लागतं, आठवड्याला पावडर न घालता नुसतं पाणी सोडून जाळी धुवावी लागते. हे करायची तयारी असेल तरच घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. मोका पॉटचा खरंच विचार केला, पण मला ती पुण्याची चवच हवी आहे आणि ती काळीच प्यायले होते. दूध ह्यांना लागतं.

डेडिका घेतली, पुतण्याने ग्राइंडर आणला. पंधरा दिवस सोबतची गाळणी वापरली आणि आता एकतळी आणलीय. नागपूरकर दादा म्हणाले तसंच झालं, फेस गेला आणि खरं काय ते दिसायला लागलं. वहीत लिहून ठेवलंय, ते इथे देते.

पहिला कप: १५ ग्रॅम पावडर, ३० ग्रॅम कॉफी, अकरा सेकंदांत भस्सकन आली. कच्च्या कैरीसारखी आंबट, जिभेच्या कडा आवळल्या. दुसऱ्या दिवशी दळण चार पायऱ्या बारीक केलं, एकोणीस सेकंद. आंबटपणा कमी, पण अजून पाणचट. आणखी तीन पायऱ्या, तर मशीन नुसतं घुरघुरत राहिलं, चाळीस सेकंदांनी चार थेंब. एक पायरी मागे घेतली आणि सत्तावीस सेकंद मिळाले. तो कप ओट्यापाशी उभ्यानेच प्यायले. गूळ सापडला, दादा!

पण त्याच पायरीवर, त्याच वजनाला दुसऱ्या दिवशी सोळा सेकंद. तिसऱ्या दिवशी परत पंचवीस. पावडरीची चकती बाहेर काढून बघितली तर एका कडेला पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक पडलेलं. हे कशाने होतं?

प्रतिसाद: नागपूरकर

ताई, वहीत लिहिताय म्हणजे अर्धी लढाई जिंकलात.

भोक म्हणजे पाण्याला पळवाट मिळाली. पावडर एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला घट्ट असली की सगळं पाणी सैल बाजूने धावतं. तिथली पावडर कडू होते, बाकीचीतून चव नीट उतरतच नाही. बाटलीच्या बुचात चार-पाच बारीक सुया खोचा आणि पावडर भरल्यावर तळापासून गोल-गोल ढवळा, गुठळ्या मोडतील. मग हँडल ओट्यावर अलगद आपटून सपाट करा आणि नंतरच दाबा. किती जोराने यापेक्षा सरळ दाबणं महत्त्वाचं. मनगट वाकडं झालं की चकती तिरपी बसते. प्लॅस्टिकचा दाबणारा फेकून ५१ मिलिमीटरचा स्टीलचा घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद (जुलै)

सुयांनी काम झालं. महिनाभर चोवीस ते अठ्ठावीसच्या मध्येच आहे.

आता नवीन प्रश्न. इथे पंधरा दिवस सतत पाऊस आहे, कपाटातलं मीठसुद्धा पाझरतंय. सत्तावीस सेकंदांच्या पायरीवर आता वीस सेकंदच लागतात आणि फेसही विरळ झालाय. दमट हवेमुळे असेल का? दाण्यांची पिशवी उघडून तीन आठवडे झालेत, क्लिप लावून ठेवते. फ्रिजमध्ये ठेवू का?

शिवाय दुधाचा फेस अजून जमत नाही, मोठे मोठे बुडबुडे येतात. सकाळी तापवून गार केलेलं दूध घेते.

प्रतिसाद: नागपूरकर

पावसाआधी पिशवीकडे बघा. भाजलेल्या दाण्यात वायू असतो, क्रेमा त्याचाच. दिवस जातील तसा तो उडतो, म्हणून फेस विरळ होतो आणि पाणीही लवकर निसटतं. दोन पायऱ्या बारीक करा, वेळ परत जागेवर येईल. चव सपाट लागली तर ते दाणे संपले समजा. दमट हवेने हे आणखी लवकर होतं एवढंच.

खालच्या फ्रिजमध्ये नको, लसणीचा वास धरेल. नवीन पिशवी आली की लगेच पंधरा-पंधरा ग्रॅमच्या घट्ट झाकणाच्या डब्या भरून फ्रीझरमध्ये टाका. २५० ग्रॅमच्या सोळा डब्या होतात. एका वेळी एकच काढायची आणि उघडल्याबरोबर दळायची. मोठा डबा बाहेर काढून पुन्हा आत ठेवलात तर तुमच्या हवेत दाण्यांवर दव जमेल.

दुधाचं म्हणाल तर तापवलेलं नको. त्यात सायीचे कण राहतात आणि गुळगुळीत फेस होत नाही. पिशवीचं दूध पाश्चराइझ केलेलंच असतं, न तापवता फ्रिजमधून थेट स्टीलच्या भांड्यात घ्या. सुट्टं गवळ्याचं असेल तर तापवून, दोनदा गाळून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वापरा. आधी नळीतलं पाणी वाफेबरोबर बाहेर सोडा. मग नळीचं टोक दुधात जेमतेम बुडेल असं धरा. कागद फाटल्यासारखा आवाज येईल, तो पाच-सहा सेकंदच येऊ द्या. नंतर टोक थोडं आत घालून भांडं तिरकं धरा, म्हणजे दूध भोवऱ्यासारखं फिरेल आणि मोठे बुडबुडे मोडतील. तळव्याला भांडं धरवेनासं झालं की बंद करा, ते साठ-पासष्ट अंश असतं. त्याच क्षणी ओल्या फडक्याने नळी पुसा आणि एकदा वाफ सोडा, नाहीतर दूध आत वाळून बसेल.

आणि वाफेनंतर लगेच दुसरी कॉफी करायची असेल तर आधी कपभर पाणी तसंच सोडून मशीन थंड होऊ द्या. ते वाफेच्या तापमानावर असतं, तशीच कॉफी काढली तर ती जळते. पाहुणे आले की आधी सगळ्या कॉफ्या काढायच्या, दूध शेवटी.