'उघड करणे'साठी सगळीकडे 'रिव्हील' चालेल का?

प्रश्न – कोथरूडकर७
कोथरूडमधल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या लेखापरीक्षणावरचं मराठी टिपण इंग्रजीत करायचंय. वाचणारे बहुतेक परदेशात राहणारे सदनिकाधारक. मी सरसकट 'रिव्हील' वापरलंय आणि ते वाचताना खटकतंय. वाक्यं अशी:
१) लेखापरीक्षणात हिशेबातली तफावत उघडकीस आली.
२) सचिवांनी दुरुस्तीच्या खर्चाचा तपशील सभासदांना उघड केला नाही.
३) अहवालाचा मसुदा कुणीतरी व्हॉट्सॅपवर फोडला.
४) एका सभासदाने या प्रकाराला वाचा फोडली.
५) बोलता बोलता खजिनदारांच्या तोंडून ठेकेदाराचं नाव निघून गेलं.
६) अध्यक्षांनी यावर खुलासा केला.

शब्दपारखी
सहा वाक्यांना सहा वेगळी क्रियापदं लागतील. आधी दोन गोष्टी बघायच्या: माहिती बाहेर कुणी काढली आणि ती काढायचा त्याला अधिकार होता का.

पहिल्यात 'द ऑडिट रिव्हील्ड अ डिस्क्रेपन्सी' अगदी बरोबर. अहवाल, चाचणी, तपासणी असा कर्ता असला की 'रिव्हील' शोभतं. 'एक्स्पोज' मात्र नको, कारण त्यात कुणाचं तरी पाप चव्हाट्यावर आल्याचा सूर असतो. तफावत ही बेरजेची चूकही असू शकते. मूळ अहवालात 'निदर्शनास आले' असेल तर त्याहून सौम्य 'वॉज ऑब्झर्व्ह्ड' घ्या, लेखापरीक्षकांची भाषा तीच असते.

दुसऱ्यात 'डायव्हल्ज' घ्या. हे क्रियापद बहुधा नकारातच येतं: 'रिफ्यूज्ड टू डायव्हल्ज', 'डिड नॉट डायव्हल्ज'.

तिसऱ्यात 'लीक'. आतल्या माणसाने गुपचूप बाहेर दिलं की 'लीक', बाहेरच्याने संगणकात शिरून घेतलं तर ती आधी चोरी. १९७१ चे पेंटागॉन पेपर्स (व्हिएतनाम युद्धावरचे अमेरिकी सरकारचे गोपनीय कागद) 'लीक' झाले म्हणतात, कारण ते फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांना ते कागद कामानिमित्त रीतसर हाताळायला मिळाले होते.

पाचव्यात 'लेट स्लिप'. 'स्पिल द बीन्स' अशा टिपणात फार घरगुती वाटेल, शिवाय त्यात माणूस सगळंच ओकतो. इथे एकच नाव निसटलंय.

सहकार_कायदा
दुसऱ्या वाक्याबद्दल असहमत. 'डायव्हल्ज'मध्ये माहिती मुळात गोपनीय होती असं गृहीत धरलेलं असतं. संस्थेचा खर्च सभासदांपासून गोपनीय नसतोच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला हिशेबाची कागदपत्रं बघायचा हक्क आहे. 'डिड नॉट डायव्हल्ज' लिहिलंत तर सचिवांनी जणू गुपित राखलं असा अर्थ होतो, म्हणजे त्यांचीच बाजू भक्कम. जिथे सांगणं बंधनकारक आहे तिथे शब्द 'डिस्क्लोज'. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८ मध्येही, काय देण्यातून सूट आहे ते सांगताना, 'डिस्क्लोजर' हाच शब्द आहे. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्राबद्दल आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांबद्दलही हेच बोललं जातं.

तपशील मागूनही दिला नसेल तर 'विथहेल्ड' लिहा, ते जास्त नेमकं. मागितलाच नव्हता तर 'डिड नॉट डिस्क्लोज' पुरे. मागणी लेखी होती का ते आधी तपासा, नाहीतर 'विथहेल्ड'वरून भांडण होईल.

शब्दपारखी
मान्य. दुसऱ्यात 'डिस्क्लोज'च.

बातमीमेज
चौथं वाक्य सांभाळून. मराठीत 'वाचा फोडली' वाचलं की लोक लगेच 'व्हिसलब्लोअर' लिहितात. तो आतला माणूस असतो, नोकरी किंवा पद पणाला लावून तक्रार करणारा. २०१४ चा व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, संस्थेच्या सचिवांचा तिथे संबंध नाही. सभासदाने सर्वसाधारण सभेत उठून विचारलं असेल तर 'रेझ्ड द मॅटर', उपनिबंधकांकडे कागद नेऊन दिले असतील तर 'ब्रॉट टू लाइट'.

आणखी एक. 'रिव्हील' म्हणजे सांगितलेली गोष्ट खरी आहे असं लिहिणाऱ्याने मान्य केलं. 'सभासदाने रिव्हील केलं की सचिवांनी पैसे खाल्ले' असं लिहिलंत तर आरोप तुमच्याच गळ्यात. सिद्ध होईपर्यंत 'अलेज्ड' किंवा साधं 'सेड'. 'एक्स्पोज्ड अ‍ॅज अ फ्रॉड' तर नकोच. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, अनुवादाला त्यातून वेगळी सवलत नाही.

सहावं वाक्य सर्वात फसवं. हिंदी वाहिन्यांवर 'बड़ा खुलासा' म्हणजे गौप्यस्फोट, आणि हल्ली आपल्याकडच्या मथळ्यांतही तो अर्थ घुसलाय (वैताग आहे नुसता). पण संस्थेच्या कागदपत्रांत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. 'इश्यूड अ क्लॅरिफिकेशन' लिहा. नोटिशीला दिलेला खुलासा असेल तर 'सबमिटेड अ‍ॅन एक्स्प्लनेशन'. इथे 'रिव्हेलेशन' लिहिलंत तर अध्यक्षांनीच भांडं फोडलं असं वाटेल.

व्याकरणवाला
शब्द बरोबर निवडूनही पुढचं अव्यय चुकतं. मराठीत 'त्याला नाव सांगितलं', म्हणून हात आपोआप 'डिस्क्लोज्ड हिम द नेम' लिहितो. 'रिव्हील', 'डिस्क्लोज', 'डायव्हल्ज', 'लीक' या चारही क्रियापदांनंतर आधी माहिती, मग 'टू', मग माणूस. माणूस आधी चालतो तो 'टेल'ला आणि 'टिप ऑफ'ला: 'टिप्ड ऑफ द पोलीस'.

'डिस्क्लोज्ड अबाउट द खर्च' हेही आपल्या 'बद्दल'मुळे होतं. 'अबाउट' काढून टाका.

'एक्स्पोज'नंतर 'टू' आला की अर्थच फिरतो. 'एक्स्पोज्ड द मेंबर्स टू रिस्क' म्हणजे सभासदांना धोक्यात घातलं. माहिती कुणापुढे उघड केली, असा अर्थ तिथे निघत नाही.

पेपरफुटीला आपल्याकडे 'लीकेज' लिहितात, २०२४ च्या केंद्रीय परीक्षा कायद्यातही तोच शब्द आहे. पण परदेशी वाचकाला 'लीकेज' म्हटलं की नळ किंवा गॅस आठवतो. तुमच्या टिपणात नाम हवं असेल तर 'द लीक' लिहा.

कोथरूडकर७
आभार. तपशील लेखी मागितला होता, पोच आहे. म्हणून दुसऱ्यात 'विथहेल्ड' घेतो, चौथ्यात 'रेझ्ड द मॅटर'. तिसरं असं केलंय: 'द ड्राफ्ट वॉज लीक्ड इन व्हॉट्सॅप बाय समवन.'

व्याकरणवाला
'बाय समवन' उडवा. कुणी केलं ते माहीत नाही हे कर्मणी रचनेतच आलं. 'इन'ऐवजी 'ऑन व्हॉट्सॅप'. एखाद्या ठरावीक ग्रुपवर टाकला असेल तर 'टू अ व्हॉट्सॅप ग्रुप'.