मदत हवी आहे : आवडत्या परफ्यूमचा नवा फॉर्म्युला दुपारपर्यंतही टिकत नाही

नमस्कार मंडळी,

गेली कित्येक वर्षं मी एकच फ्रेंच परफ्यूम वापरतोय, ओ द त्वालेत म्हणजे त्यातला जरा सौम्य प्रकार. शिप्र नावाच्या सुगंधप्रकारातला : वर म्हणजे सुरुवातीला बर्गामॉट (एक लिंबूवर्गीय फळ), तळाशी म्हणजे शेवटपर्यंत उरणारे ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफुलासारखं काहीतरी) आणि लॅबडॅनम (एका झुडपाची राळ). पूर्वी सकाळी दोन फवारे मारले की संध्याकाळी शर्ट काढतानाही कॉलरला तो ओलसर, मातकट वास असायचा. आताची बाटली जेवणाच्या सुट्टीपर्यंतही तग धरत नाही. सुरुवातीचा लिंबूवर्गीय झोत तसाच आहे, तो ओसरला की खाली काहीच उरत नाही. फार जीव जडलाय या वासावर, म्हणून हा धागा.

माल नकली असावा ही पहिली शंका. पण दुकान अधिकृत, आणि बाटलीच्या बुडाचा बॅच कोड खोक्यावरच्याशी जुळतो. दुसरी शंका, माझं नाकच सरावलं असेल. म्हणून जुन्या बाटलीतला उरलेला आणि नवा, दोन्ही कागदाच्या पट्ट्यांवर मारून दुपारनंतर बायकोला काही न सांगता हुंगायला दिले. जुना तिने लगेच ओळखला. नव्या पट्टीला "ही कोरी आहे का?" म्हणाली.

मग दोन्ही खोक्यांवरची घटकांची बारीक यादी वाचली. जुन्यावर 'एव्हर्निया प्रुनास्त्री एक्स्ट्रॅक्ट' म्हणजे ओकमॉस, आणि 'ब्युटिलफेनिल मिथाइलप्रोपिओनल' म्हणजे लिलिअल हे फुलासारख्या वासाचं कृत्रिम रसायन, दोन्ही आहेत. नव्यावर दोन्ही गायब. लिलिअलचं समजू शकतो, युरोपीय संघात १ मार्च २०२२ पासून त्यावर बंदीच आहे. पण ओकमॉसवर सरसकट बंदी नाही. त्यातल्या अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉल या अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांना २०१७ च्या नियमाने मनाई झाली, आणि ऑगस्ट २०२१ नंतर ते असलेला माल तिथे विकता येत नाही. हे घटक जवळजवळ काढून टाकलेलं ओकमॉस मिळतं. वास धरून ठेवणारा तळच तो, तोच वगळला तर टिकणार काय?

त्वचेला त्रास होणाऱ्यांसाठी नियम हवेतच. राग याचा येतो की नाव तेच, बाटली तीच, किंमत वाढलेली, आणि आतला माल बदलल्याचं कुठे अवाक्षर नाही.

जाणकारांनी सांगावं : जुन्या बाटलीतलं अल्कोहोल उडून वास दाट झाला असेल का, म्हणजे माझी तुलनाच चुकीची? नवी बाटली काही महिने अंधाऱ्या कपाटात ठेवली की 'मुरते' म्हणतात, कुणाला खरंच फरक जाणवलाय? जुन्या बॅचच्या बाटल्या ऑनलाइन दिसतात, पण दाम अवाच्या सवा, आणि कुठे उन्हात पडून होत्या कोण जाणे. अशी घेऊन कुणाचं समाधान झालंय का?

खस आणि मिट्टी अत्तर दोन्ही आवडीने लावतो, पण ओकमॉसची जागा ती घेत नाहीत. शिवाय चंदनतेलाऐवजी लिक्विड पॅराफिनवर काढलेलीच बाजारात जास्त.

तळ नीट बांधलेला, भारतात मिळणारा एखादा शिप्र कुणी सध्या वापरत असेल तर नाव आणि बाटली कोणत्या वर्षीची ते नक्की लिहा. फवारे वाढवायचा सल्ला मात्र नको, ऑफिसात शेजारच्या सहकाऱ्याला दमा आहे.