शब्द हवा आहे: लाइटहाउस कीपर असलेल्या बाईला काय म्हणावं?

आयडा लुइसवर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यात अडले आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट बंदरात लाइम रॉक नावाचा खडक आहे, तिथल्या दिव्याची ती कीपर होती. नेमणूक १८७९ची, आणि १९११ मध्ये वारली तेव्हाही ती त्याच कामावर होती. 'दीपगृहरक्षिका' लिहून पाहिलं, पण वाचताना जीभ अडखळते. शिवाय दीपगृह म्हणू की दीपस्तंभ, हेही ठरत नाहीये. सुचवा.

प्रतिसाद १

इथे दीपगृहच हवं. स्तंभ म्हटलं की उंच मनोरा डोळ्यांपुढे येतो. लाइम रॉकवर होतं ते दुमजली घर आणि त्याच्या कोपऱ्याला चिकटलेला बुटका, चौकोनी मनोरा. वरच्या मजल्यावरून थेट दिव्यापाशी जाता यायचं. माणसं राहत होती त्याच घरात दिवा होता, म्हणजे 'दीपगृह' हा शब्द तिथे अक्षरशः लागू पडतो. दीपस्तंभ हा समुद्रावरून पाहणाऱ्याचा शब्द वाटतो मला. तुम्ही घरातल्या बाईबद्दल लिहिताय.

प्रतिसाद २

'रक्षक' आणि 'राखणदार' दोन्ही नकोत. राखण शेताची करतात, वाड्याची करतात. कुणी काही नेऊ नये म्हणून. आयडाचं काम तसं नव्हतं. कुटुंब १८५७ मध्ये त्या घरात राहायला गेलं आणि काही महिन्यांतच वडिलांना, होझिया लुइस यांना, पक्षाघात झाला. ती तेव्हा १५ वर्षांची. सूर्य मावळला की दिव्यात तेल भरायचं, मध्यरात्री उठून पुन्हा भरायचं, वात कातरायची, काजळी पुसायची, उजाडलं की दिवा मालवायचा. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: दिवाबत्ती. 'तेलवात'सुद्धा चालेल. इंग्रजीतही अशा माणसांना वातीवरून 'विकी' म्हणत. शब्द वातीजवळचा असावा असं माझं मत.

मूळ प्रश्नकर्ती

दिवाबत्ती फार आवडला, लेखात येणारच. पण त्यात पद हरवतं, आणि आयडाच्या बाबतीत ते हरवून चालणार नाही. १८५७ ते १८७९ अशी २२ वर्षं काम मुख्यतः तिने केलं. पद मात्र आधी वडिलांच्या नावावर होतं आणि १८७२ मध्ये ते गेल्यावर आईच्या, झोराडियाच्या. 'दिवाबत्ती करणारी' असं लिहिलं तर घरातली मुलगी घरकामाला हातभार लावत होती एवढंच वाचणाऱ्याला कळेल.

प्रतिसाद ३

मग 'दीपपाल'. ग्रंथपाल, लेखापाल, राज्यपाल या सगळ्यांत पद आहे आणि बाई त्या जागेवर आली म्हणून शब्द बदलत नाही. 'त्या आमच्या ग्रंथपाल' असं आपण सहज म्हणतो. 'दीपपालिका' मात्र कृपा करून नको, 'पालिका' म्हटलं की नगरपालिकाच आठवते. आणि 'पाल'मध्ये पाळणंही आहे. वेळ पाळणं, नेम पाळणं. मध्यरात्री तेल घालायला न चुकता उठणं हे पाळणंच झालं की.

प्रतिसाद ४

दीपपालला माझंही मत. एक भर घालतो. मराठीत तिच्याबद्दल लिहिताना 'जीवरक्षक' हीच मुख्य ओळख करू नका. तिच्या नावावर १८ जणांचे प्राण वाचवल्याची नोंद आहे हे खरं, पण हे तिने दिवा सांभाळून केलं.

क्रियापदंही जपून वापरा. २९ मार्च १८६९ला वादळात फोर्ट ॲडम्सच्या दोन सैनिकांची होडी उलटली. आयडा सर्दीने आजारी होती. अंगात कोट नाही, पायांत बूट नाहीत, तशीच धाकट्या भावाला घेऊन होडी वल्हवत गेली आणि दोघांना आत घेतलं. बुडणाऱ्याला कडेवरून ओढलं तर होडी कलंडते, म्हणून मागच्या बाजूने घ्यायचं, हे तिला वडिलांनी शिकवलेलं. अशा जागी 'सुटका केली' फार पुस्तकी वाटतं. 'ओढून घेतलं' म्हणा, त्यात तिच्या दंडातलं बळ दिसतं. १८८१ मध्ये बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या आणखी दोन सैनिकांना तिने दोरी टाकून बाहेर काढलं. त्यासाठी सुवर्ण जीवरक्षक पदक मिळालं, आणि ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

मूळ प्रश्नकर्ती

दीपपाल नक्की. 'ओढून घेतलं'सुद्धा घेतलं, आभार.

दोन नावं मात्र भाषांतर न करता ठेवतेय. १९२४ मध्ये ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने लाइम रॉकचं नाव बदलून आयडा लुइस रॉक केलं. विशेषनामाला हात लावायचा नाही. आणि अमेरिकी तटरक्षक दलात बोये सांभाळणाऱ्या १४ जहाजांच्या वर्गाचं नावच 'कीपर' आहे, त्यातलं पहिलं जहाज 'आयडा लुइस'. तिथे दीपपाल लिहिलं तर जहाजाची ओळखच पुसली जाईल.

खडकावरचं ते घर आता तिच्याच नावाच्या यॉट क्लबकडे आहे. क्लबच्या निशाणावर १८ तारे आहेत, तिने वाचवलेल्या प्रत्येकासाठी एक. तिथे 'तारे'च लिहीन, 'चांदण्या' नको.

दीपपाल हा शब्द मी १८५७ पासूनच वापरणार आहे. नेमणूक १८७९ची, हे पुढच्या वाक्यात वेगळं सांगेन.