‘म्युझिक प्रोड्यूसर’ला मराठीत काय म्हणायचं?

मंद्रसप्तक :
इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकवर मराठीत लेख लिहितोय आणि ‘प्रोड्यूसर’पाशी गाडं अडलंय. ‘निर्माता’ लिहावं तर चित्रपटात पैसा घालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘संगीतकार’ लिहिलं तर घरातूनच आक्षेप : “चाल कुठाय त्यात? वाजवतं यंत्र, हा नुसता बसलेला असतो.” आणि ‘डीजे’ म्हणणं तर सरळच चूक. शब्द सुचवा.

अनुस्वार :
बटणदाब्या. चर्चा संपली.

खर्जातला खडा :
चर्चा आता कुठे सुरू होतेय. आधी कामं वेगळी करू. डीजे म्हणजे तयार रेकॉर्ड निवडून, एकीतून दुसरीत सफाईनं शिरत, तासन्‌तास माहोल टिकवणारा. प्रोड्यूसर ती रेकॉर्ड घडवणारा. पुष्कळजण दोन्ही करतात, म्हणून घोळ. चित्रपटगीतात चाल एकाची, वाद्यमेळ बसवणारा संयोजक दुसरा, वादकांचा ताफा वेगळा, ध्वनिमुद्रक आणखी वेगळा. इथे ही सगळी मंडळी एकाच खुर्चीत बसलेली असतात. वर वाद्यही बहुतेकदा तोच घडवतो. सिंथमध्ये, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या सिंथसायझरमध्ये, तयार आवाज मिळतात हे खरं. पण कसलेला माणूस ते जसेच्या तसे उचलत नाही. लहरीचा आकार कोणता, फिल्टर कधी उघडायचा, स्वर किती वेळात विरायचा, याच्याशी खेळत बसतो.

एक उदाहरण देतो. हाउस या नाचाच्या संगीतप्रकारातल्या ट्रॅकमध्ये प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, पडते. किक आणि बेस दोन्ही खालच्या पट्टीतले. एकदम वाजले की नुसता गदगदाट होतो. म्हणून किक पडते त्या क्षणी बेसचा आवाज आपोआप दाबायचा आणि लगेच वर येऊ द्यायचा. याला साइडचेन म्हणतात. गती मिनिटाला १२८ ठोके असेल तर दोन किकांमध्ये साधारण ४६९ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बेसनं किती झपकन वर यायचं? लवकर आला तर किक गढूळ होते, उशिरा आला तर ट्रॅक धापा टाकल्यासारखा वाटतो. नेमका जमला की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायला लागते, आणि का हलतेय ते त्याला कळतही नाही. चाल नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे एकदा हेडफोन लावून ऐकावं.

अनुस्वार :
हे कसब आहे, मान्य. पण ते तंत्रज्ञाचं. आणि एवढं कसब ओतून निघतं काय? हळूहळू चढत जाणारा बिल्डअप, स्नेअर ड्रमचे ठोके दुप्पट, चौपट, मग क्षणभर शांतता, मग धाडकन ड्रॉप, म्हणजे किक आणि बेस पुन्हा पूर्ण जोरात. पुढे काय येणार ते लहान पोरालाही कळतं. दाद कशाला द्यायची?

तिरकीट :
सम कुठे येणार तेही कळतंच की! तिहाई सुरू झाली की हात आधीच उचललेला असतो. कळत असूनही थरार वाटतो, त्यातच तर मजा. साचा असणं हा दोष नव्हे.

मात्र मोठ्या महोत्सवांसाठी बेतलेल्या ट्रॅकांबद्दल मी अनुस्वारांच्याच बाजूनं. तिहाईत हिशोब असतो, इथे बऱ्याचदा नुसता आवाज वाढतो. ‘ईडीएम’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक, या नावाचाही तिथेच घोटाळा आहे. अक्षरशः अर्थ घेतला तर त्यात सगळंच येतं : शिकागोच्या ‘वेअरहाउस’ क्लबवरून नाव पडलेलं हाउस, डेट्रॉइटचं टेक्नो, ट्रान्स, ड्रम अँड बेस. पण २०१०च्या आसपास अमेरिकेतल्या बड्या महोत्सवांनी हे नाव आपल्या धडाकेबाज प्रकाराला चिकटवलं आणि आता टेक्नोवाल्यांना ‘तुम्ही ईडीएमवाले ना?’ विचारलं की राग येतो. लेखात हा फरक जरूर करा, नाहीतर एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी बसेल.

काना-मात्रा :
व्याख्यांचा विषय निघालाच आहे तर ही घ्या. ब्रिटनला उघड्यावर रात्रभर चालणाऱ्या रेव्ह, म्हणजे नाचाच्या पार्ट्या, आवरायच्या होत्या. १९९४च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर कायद्यात त्यासाठी ‘संगीता’बद्दल लिहून ठेवावं लागलं. कलम ६३चा आशय असा की पूर्णपणे किंवा मुख्यतः एकामागून एक येणारे, तेच ते ठोके असलेले आवाजही ‘संगीता’त धरायचे. रसिक ज्याला संगीत म्हणायला राजी नव्हते, त्याला सरकारनं कायद्यात संगीत म्हटलं, तेही बंद पाडता यावं म्हणून! ऑटेकर या जोडीनं त्याच वर्षी निषेध म्हणून असा ट्रॅक काढला, ज्यात ठोक्यांचा नमुना बदलत राहतो. वेष्टनावर डीजेंना सल्ला होता : वाजवताना वकील आणि संगीततज्ज्ञ जवळ ठेवा.

दुसरं उदाहरण जर्मनीचं. टेक्नोच्या रात्रींच्या तिकिटांवर मैफलीचा ७ टक्के कर लावायचा की करमणुकीचा १९ टक्के, हा वाद तिथल्या सर्वोच्च कर न्यायालयापर्यंत गेला. २०२०मध्ये न्यायालयानं म्हटलं की डीजे दुसऱ्यांच्या रेकॉर्ड नुसत्या लावत नाही, त्यातून नवं काही उभं करतो. रेकॉर्ड, मिक्सर, सीडी प्लेअर ही व्यापक अर्थानं त्याची वाद्यंच. घ्या, बटणाला वाद्याचा दर्जा मिळाला.

अनुस्वार :
कराचा दर ठरवणाऱ्यांनी रससिद्धान्त ठरवू नये. प्रोड्यूसरांतलाच एक नामवंत, डेडमाउस, २०१२मध्ये लिहून बसला होता की आम्ही सगळे ‘प्ले’च दाबतो. घरचा साक्षीदार आहे, त्याला काय म्हणाल?

खर्जातला खडा :
साक्ष पूर्ण वाचा. तो बोलत होता मंचावरच्या प्रयोगाबद्दल. दिवे, पडद्यावरची दृश्यं, ट्रॅक हे सगळं आधी जुळवलेलं असतं, तिथे चमत्कार शोधू नका. आमचं कौशल्य स्टुडिओत दिसतं, असंच त्याचं म्हणणं. म्हणजे त्यानं माझ्याच मुद्द्यावर सही केली आहे.

आणि ‘संगीतकार कोण’ हा तंटा संगणकाच्या आधीचा. १९६३मध्ये ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांनी कागदावर लिहून दिलं. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिविभागात डेलिया डर्बीशायर यांनी ते प्रत्यक्षात आणलं. सिंथसायझर नव्हतेच. एकेक स्वर टेपवर मुद्रित करायचा, हव्या त्या लांबीचा तुकडा ब्लेडनं कापायचा, पुढच्या तुकड्याला चिकटवायचा. ऐकून ग्रेनर इतके चकित झाले की श्रेयात डेलियांचा वाटा असावा, असा त्यांनी आग्रह धरला. पण वर्कशॉपच्या लोकांची नावं द्यायची नाहीत, हा संस्थेचा शिरस्ता. पडद्यावर त्यांचं नाव आलं ते २०१३मध्ये, त्या गेल्यानंतर बारा वर्षांनी. आता सांगा, ते गाजलेलं संगीत कोणाचं? स्वर ग्रेनर यांचे, पण लोकांच्या कानात बसला तो आवाज डेलियांचा.

अनुस्वार :
हे उदाहरण लागलं. डर्बीशायरबाईंपुरता ‘बटणदाब्या’ मागे घेतो. पण मग उलट बाजूही बघा. ‘जंगल’ आणि ड्रम अँड बेस हे संगीतप्रकार मोठ्या प्रमाणात ज्या सातेक सेकंदांच्या ड्रमवर उभे राहिले, ते ग्रेगरी कोलमन या ड्रमरनं १९६९मध्ये वाजवलेले. कापून, उलटसुलट करून ते असंख्य ट्रॅकांत वापरले गेले. त्याला रॉयल्टी म्हणून काही मिळालं नाही. प्रोड्यूसरला संगीतकार म्हणताय, तर ज्याचा हात त्यात वाजतोय त्याचं नाव कोणी घ्यायचं?

तिरकीट :
याला उत्तर नाही. त्या तुकड्यांतून नवं काही निघालं हेही खरं, आणि कोलमनवर अन्याय झाला हेही.

मंद्रसप्तक :
सगळ्यांचे आभार. शब्दाचं मात्र अजून भिजत घोंगडं. ‘ध्वनिशिल्पी’ सुचला होता, पण तो शाल-श्रीफळासोबतच शोभेल. ‘नादकार’ कसा वाटतो?

काना-मात्रा :
वाईट नाही, पण दर वेळी समजावून सांगावा लागेल. माझं मत : पहिल्या उल्लेखात ‘ध्वनीपासून सगळं स्वतः घडवणारा संगीतकार’ असं फोडून लिहा, पुढे सरळ ‘प्रोड्यूसर’. बोलताना मुलं ‘तो ट्रॅक बनवतो’ म्हणतात, तेही लेखात छान बसेल. ‘संगीत संयोजक’ टाळा, त्यात चाल दुसऱ्याची असल्याचं गृहीत आहे.

तिरकीट :
काना-मात्रांना +१. ‘निर्माता’ही अगदी टाकून देऊ नका. या धंद्यात घोस्ट प्रोड्यूसर असतात : ट्रॅक एकानं करायचा, पैसे घेऊन गप्प बसायचं, नाव आणि टाळ्या दुसऱ्याच्या. तो जो दुसरा असतो, त्याला खुशाल ‘निर्माता’ म्हणा. चित्रपटातल्या अर्थानंच.